डोळ्याखालची दाढ

माघ उतरणीला लागला होता, पण खाडीवरचं धुकं हलायला तयार नव्हतं. सकाळचे आठ वाजले तरी सुपारीच्या झावळ्यांतून टपटप दंव गळत होतं. आगरदांड्याच्या धक्क्यावरून दिघीला निघालेल्या फेरीबोटीचा भोंगा ऐकू यायचा, बोट मात्र दिसायची नाही.

अनुसूयाताईंच्या बागेत, घराच्या मागच्या पडवीत, धोंडूबाई गोणपाटावर मांडी ठोकून बसली होती. पुढ्यात पाटाला उभं ठोकलेलं पातं. डाव्या हातानं वाळकी सुपारी उचलायची, पात्यावर टोचायची, मनगटाला एक हिसडा द्यायचा. साल एकीकडे, आतली सुपारी टोपलीत. बत्तीस वर्षं हा हिसडा चालला होता. बाकीच्या बाया सोलताना मान खाली घालून बघायच्या. धोंडूबाई समोर बघत सोलायची. लोकांना त्यात हाताची करामत वाटे. खरी गोष्ट अशी, की खाली बघून तिला दिसतच नव्हतं.

डावा डोळा तिचा लहानपणी देवीत गेला. उजव्या एकट्यावर तिनं सगळं निभावलं. लग्न, चार बाळंतपणं, धक्क्यावर हमाली करणाऱ्या नवऱ्याचं, धाकूचं, आजारपण, त्याच्या माघारी मुलाचं, रत्नपालचं, शिक्षण. आता तो उजवाही मोतीबिंदूनं भरला होता. दहाच्या सुमारास बागेवरचं धुकं उठे, तिच्यापुरतं ते उठायचं नाही.

डोळ्यांच्या शिबिरातून तिला दोनदा परत पाठवलं होतं. तिथला डॉक्टर म्हणाला होता, "मावशी, एकच डोळा आहे तुमचा. साखर खाली आल्याशिवाय मी त्याला हात लावणार नाही. आत जंतू शिरला तर तुम्हाला काय तोंड दाखवू?" शिबिर मार्चअखेर संपणार होतं. त्यानंतर कधी, ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

तिनं सुपारी टोचली, हिसडा दिला आणि तोंडातून बारीक "स्स" निघाला. हाताला काही झालं नव्हतं. उजवीकडची, वरची, बरोबर डोळ्याखाली येणारी दाढ ठणकली होती. तिनं कनवटीची मिसरीची डबी काढली, चिमूटभर काळी पूड बोटावर घेऊन हिरडीवर दाबली. पाव तास बधिर जायचा. तेवढ्यात अर्धी टोपली होई.

"धोंडूबाई, गाल सुजलाय तुमचा," अनुसूयाताई दारातून म्हणाल्या. त्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण नजर अजून पोरांच्या वह्या तपासणारी.

"मच्छर चावला, ताई."

"आतून चावला?"

धोंडूबाईनं पदर गालावर ओढून घेतला.

घरी वेगळीच तपासणी. सून मानसी गावची आशा सेविका. रोज सकाळी चहाच्या आधी ती सासूचं बोट टोचायची, थेंब पट्टीवर घ्यायची आणि यंत्राकडे बघत उभी राहायची.

"दोनशे एक्क्याण्णव." मानसीनं यंत्र आपटायचं तेवढं ठेवलं. "काल दोनशे ऐंशी. आई, खरं सांगा. काय खाताय चोरून?"

"काय न्हाय गो."

"मी साऱ्या गावाला सांगत फिरते, साखर सांभाळा, भाकरी-भाजी खा. नि माझ्याच घरात तीनशे! बाया हसतात मला. गोळ्या घेता ना?"

"घेते. तुज्या म्होरच घेते की."

"मग साखर काय हवेतनं येते?"

धोंडूबाई चहात पाव बुडवत राहिली. दोन महिने झाले, भाकरी तिला चावत नव्हती. भाजीचा देठ दाढेखाली आला की डोक्यापर्यंत कळ जाई. म्हणून पाव, चहात भिजवलेली खारी, मऊ भात. हे मानसीला दिसत होतं, पण तिला वाटायचं म्हातारीची जीभ चाळावली. तळा तालुक्याच्या तहसील कचेरीत असलेल्या रत्नपालनं तर फोनवर सुनावलं, "आये, पोरासारखं काय करतेस? डोळा पायजे का पाव पायजे?"

डोळा पायजे. डोळ्यासाठीच तर तिनं तोंड मिटलं होतं.

धोंडूबाईच्या बौद्धवाडीत लहान पोराला विचारा, तेही सांगेल: वरच्या दाढेची शीर डोळ्याला जाते. दाढ उपटली की शीर तुटते आणि डोळा विझतो. पुरावा चालताबोलता होता. धोंडूबाईची चुलत जाऊ नीराबाई. तिनं तीस-बत्तीस वर्षांमागं वरची दाढ काढली आणि वर्षाच्या आत तिचा डावा डोळा गेला. तेव्हापासून बौद्धवाडीतल्या कुणी वरची दाढ काढली नव्हती. धाकूचे सगळे दात किडले, मेला तेव्हा त्याला पेजेतलं शितही चावत नव्हतं, पण चिमट्याला त्यानं तोंड दिलं नाही. मग जिला एकच डोळा, तिनं त्याच डोळ्याखालची दाढ कुणाला कशी दाखवायची?

पण लपवलेल्या दुखण्यानं वास सोडला. एका सकाळी मानसी बोट टोचायला वाकली आणि थबकली. तिनं उशी उचलून बघितली. अभ्र्यावर पिवळट-लाल डाग होता.

"आई, तोंड उघडा."

"कशाला?"

"उघडा म्हणते ना."

धोंडूबाईनं ओठ आवळले. मानसी तिच्यासमोर उकिडवी बसली. तिचा आवाज एकदम उतरला. "पू येतोय तुमच्या हिरडीतनं. कधीपासनं? म्हणून तुम्ही पाव... आई, मी तुम्हाला चोर म्हटलं हो."

"म्हण की. चोर म्हण. पन दाढ काढायची न्हाय."

नुसतं दाखवायचं, काढायची नाही, या बोलीवर दुसऱ्या दिवशी मुरूडच्या बाजारात, दातांच्या दवाखान्यात, धोंडूबाई त्या लांबलचक खुर्चीवर आडवी झाली. पाय जमिनीपासून सुटल्यावर तिनं खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या. डॉक्टर अमिषा पोरीच्या वयाची. तिनं आरसा घालून बघितलं, फोटो काढला आणि हातमोजे उतरवत म्हणाली, "आजी, दोन दाढा हलताहेत, मुळाशी पू साठलाय. असला पू आत असला की अंग दिवसरात्र त्याच्याशी भांडत बसतं, नि त्या भांडणात साखर चढते. साखर चढली की हिरड्या आणखी सडतात. एकमेकींना चढवतायत दोघी. नुसत्या मधुमेहाच्या गोळ्यांनी भागायचं नाही. आधी हिरड्या साफ करू, औषध देते, मग दाढा काढू. आणि ती मिसरी आजपासून बंद."

"डोळ्याची शीर?" धोंडूबाईनं विचारलं.

"कसली शीर?"

"दाढंची. डोळ्याला जाते ती."

डॉक्टर हसली नाही, हे तिचं नशीब. "आजी, दाढेची शीर वेगळी, डोळ्यानं बघायची वेगळी. दाढ काढून नजर जात नाही."

"मंग नीराबायचा डोळा काय खोटा?" म्हणत धोंडूबाई खुर्चीवरून उतरली, चपला हातात घेतल्या आणि थेट जिन्यापर्यंत गेली. मानसी मागं धावली.

दोन दिवस धोंडूबाई पडवीत सोलत बसली. पण हिसडा चुकायला लागला. एकदा पातं अंगठ्याला लागलं. चीर बारीकच, तरी चार दिवस ओली राहिली. अनुसूयाताईंनी हळद लावून दिली आणि पाटावरचं पातं उचलून आत ठेवलं. "रागवू नका. पण हात तुटेल अशानं. डोळ्याचं काय ते ठरवा, मग या."

बत्तीस वर्षांत पहिल्यांदा ती भर दिवसाची, रिकाम्या हातानं घराकडे निघाली. वाटेत तिच्या मनात एकच घोळत होतं: नीराबाईची नेमकी कुठली दाढ काढली होती? पुढची असेल तर आपली मागची वाचेल. डावीकडची असेल तर उजवीला धोका नसेल. विचारून बघायला काय जातं?

नीराबाई अंगणात बसून सुकवलेले बोंबील चाळत होती. पंचाहत्तरीची, अंगानं काटकुळी, तोंडानं तिखट.

"ये गो. लई दिसांनी वाट चुकलीस. गाल का फुगलाय? नवऱ्यानं मुका घेतला काय वरनं येऊन?"

"जाऊबाय, थट्टा नको. एक सांग. तुजी कुटली दाढ काढली तवा डोळा गेला?"

नीराबाईचा हात बोंबलांत थांबला. "कशाला इचारतेस?"

"माजी काढायची म्हनतात. उजवी, वरची. साकर खाली येत न्हाय तिच्यापायी. साकर येत न्हाय म्हनून डोळा करत न्हायत. नि दाढ काढली तर डोळा जायचा. मी काय करू, तू सांग. तुज्याबिगर कुनाला ठाव?"

मांजर बोंबलाशी आलं, नीराबाईनं त्याला हाकललंही नाही.

"काढ," ती शेवटी म्हणाली.

"काय?"

"दाढ काढ. माजा डोळा दाढंनं गेला न्हाय."

धोंडूबाईला वाटलं, म्हातारी अजून थट्टाच करतेय.

"दाढ काढायच्या आदी वरीसभर डोळा जड व्हता. दिव्याभवती कडी दिसायची. मुंबईला लेकीकडं गेल्ते तवा डॉक्टरनं थेंब दिलं. म्हनला, मावशे, जनमभर घालायचं, सोडलंस तर डोळा जाईल. मी दोन म्हयने घातलं. बाटली सपली. कोन आनतोय म्हनून सोडलं. मंग दाढ दुकली, ती काढली. नि त्याच सालात डोळा गेला. आमच्या ह्येंस्नी कळलं असतं तर माजा जीव घेतला असता, थेंब का सोडलंस म्हनून. त्यास्नी थेंबाचं ठावच नव्हतं. मी म्हनलं, दाढंनं गेला. सुटले."

"नि समद्या बौद्धवाडीला तू..."

"मी कुटं सांगत फिरले? बाया आपनच सांगाय लागल्या. मंग मी कसं म्हनू, खोटं हाय?"

धोंडूबाई उठली. धाकूची पेजेची वाटी डोळ्यापुढं आली. बत्तीस वर्षं माणसं गाल धरून रडली, लवंग चावली, मिसरी दाबली, ती एका बाईला नवऱ्याच्या रागाचं भय होतं म्हणून. तिनं नीराबाईकडं बघितलं. नीराबाईचा पांढरा डोळा पलीकडे होता, तिच्याकडे होता तो चांगला डोळा, आणि तो भरला होता.

"शिव्या घालायच्या तर घाल," नीराबाई म्हणाली. "पन आदी जाऊन ये."

"आल्यावर घालते," धोंडूबाई म्हणाली.

पुढच्या सोमवारी हिरड्या साफ झाल्या. रक्त एवढं आलं की तिला वाटलं, निम्मी इथंच संपले. आठ दिवस गोळ्या. मग दाढा. सुई टोचताना तिनं मानसीच्या मनगटात नखं रुतवली. कटकट आवाज डोक्याच्या आत झाला, दुखलं मात्र नाही, आणि तेच तिला भयंकर वाटलं. शीर तुटली तरी कळणार नाही, असं.

कापूस चावत खाली उतरली आणि बाजाराच्या मधोमध उभी राहिली. डाव्या हातानं डावा डोळा झाकला, तो तसाही मेलेला. उजव्यानं समोर बघितलं. मळकट उजेड, त्यात केळीवाल्याची हिरवी-पिवळी गाडी. सकाळी होतं तेवढंच.

"दिसतंय?" मानसीनं विचारलं.

"व्हय. तवढंच."

पण नीराबाईचं खरं कळलं म्हणून बत्तीस वर्षांचं भय काही एका दिवसात उतरलं नाही. रोज उठल्या उठल्या, तोंडही न धुता, ती दाराकडे बघायची. चौकटीतला उजेड दिसला की हुश्श करायची. रोज वाटे, उद्या नसेल. मिसरीच्या सवयीनं बोट हिरडीकडे जायचं आणि रिकाम्या खळग्यात अडकायचं. मानसीनं डबी लपवली होती. धोंडूबाईनं ती दोनदा शोधली, सापडली नाही. तिसऱ्यांदा शोधली नाही.

दोनशे साठ. दोनशे बेचाळीस. एक दिवस परत दोनशे सत्तर, तेव्हा दोघींचं जेवण कडू झालं. "एकदम नाही उतरणार, आई. पू किती महिन्यांचा, उतरायला दिवस लागतील," मानसी म्हणाली, पण बोलताना तीच यंत्राकडे अविश्वासानं बघत होती. पुन्हा भाकरी सुरू झाली, बारीक तुकडे करून, डावीकडनं. पालेभाजी. चहा बिनसाखरेचा, तोंड वाकडं करून. दोनशे दहा. एकशे पंच्याण्णव.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी, मानसीनं पट्टीवर थेंब घेतला आणि यंत्र दोन वेळा फिरवून बघितलं.

"एकशे अठ्ठावन्न."

"बरोबर हाय का ते?"

"दुसरं बोट द्या." दुसऱ्या बोटाचं एकशे एकसष्ट आलं.

मानसीनं तिथंच उभ्या उभ्या शिबिरात फोन लावला. पलीकडनं कुणीतरी बरंच विचारत होतं. आकडे, गोळ्या, दाढा, वय. मानसी "हो, हो" म्हणत होती आणि मधेच तिनं हाताच्या तळव्यावर पेनानं काहीतरी लिहिलं. "मंगळवारी. सकाळी सातला, उपाशीपोटी. रत्नपालला रजा टाकून यायला सांगते."

धोंडूबाई उंबऱ्याला टेकून बसली. डोळ्यात सुरी घालणार, हे इतके दिवस ती विसरलीच होती. साखर, दाढ, शीर ह्या भानगडीत खरी सुरी मागं राहून गेली होती, आता ती मंगळवारी सातला येऊन उभी राहिली.

"मानसी, भूल देतात ना गो?"

"देतात. दाढेसारखीच."

"आनि न्हाय दिसलं तर?"

मानसी तिच्याशेजारी बसली. 'दिसेल' असं तिनं म्हटलं नाही. तिच्या कामात असं म्हणता येत नव्हतं. तिनं सासूचा टोचलेला हात आपल्या मांडीवर घेतला आणि बोटावरचा रक्ताचा ठिपका पदरानं पुसला.

तेवढ्यात मोरीत फस्स करून हवा सुटली आणि नळाला पाणी आलं. पाणी एक दिवसाआड, तेही पाऊण तास.

"बस तू, मी भरते," धोंडूबाई म्हणाली. हातानं चाचपत तिनं हंडा नळाखाली सरकवला आणि आवाजावरून तो कितपत भरला याचा अंदाज घेत उभी राहिली.