गुणाकर देशकरांचं मुखत्यारपत्र

उमा देशकर यांनी बालाघाटच्या मुलींच्या शाळेत नोकरीभर हिंदी शिकवली. निवृत्तीनंतर वर्गात विद्यार्थी एकच उरला, नवरा. रोज सकाळी चहासोबत त्या गुणाकररावांकडून तोच पाठ घोटून घेत.

"घर कोणाचं?"

"माझं."

"विकायचा अधिकार कोणाले देता?"

"तुले."

"मी कोण?"

यावर ते कधी "मास्तरीण" म्हणून हसत, कधी नुसतेच खिडकीबाहेर बघत राहत.

घर एकट्या गुणाकररावांच्या नावावर होतं. वैनगंगेच्या पुलावर ते एकटेच भटकताना सापडले, तेव्हा नागपूरहून मुलगा अपूर्व म्हणाला, घर विका आणि इकडे या. गिऱ्हाईक मिळालं. वकिलानं घर विकायचा अधिकार उमाबाईंना देणारं मुखत्यारपत्र तयार केलं आणि बजावलं, की स्टँप, फोटो, साक्षीदार, नोंदणी हे सगळं जमवता येईल. पण सही करताना आपण काय देतोय, कोणाला देतोय, हे देणाऱ्याला कळलं पाहिजे. ते नसेल तर बाकीचं असून नसल्यासारखं. उमाबाईंनी सकाळची वेळ मागून घेतली. सकाळी गुणाकररावांचं डोकं बरं चाले.

नोंदणी कचेरीतल्या अधिकारी बाई तरुण, रीवाकडच्या. मराठीचा गंध नाही. साक्षीला शेजारचे शालिकराम आणि त्यांची सून अंजू आले होते. बाईंनी उमाबाईंना बाहेर थांबायला सांगितलं. "इनसे अकेले में पूछूँगी."

उमाबाई दाराशी उभ्या राहून ऐकू लागल्या. घराचा पत्ता बरोबर आला. कोणाचा दबाव नाही, हेही आलं.

"अधिकार किसे दे रहे हैं?"

दाराआड उमाबाईंचे ओठ आपोआप हलले.

"उमा को," आतून आवाज आला. "मेरी पत्नी है."

त्यांना आत बोलावलं गेलं. फोटो झाला. गुणाकररावांच्या हातात पेन दिलं. त्यांनी ते कागदावर टेकवलं, मग मान वळवून उमाबाईंना हळूच विचारलं,

"आईले विचारलं का? ती घरातच हाये, अन् आपण घर विकून राह्यलो."

त्यांची आई अपूर्वच्या जन्माआधीच गेली होती. अंजूनं मान खाली घातली.

"क्या कह रहे हैं?" बाईंनी विचारलं.

साइन कहाँ करूँ, पूछ रहे हैं. एवढं म्हटलं की काम होत होतं. वाक्य जिभेवर आलं होतं. समोर शालिकराम डोळ्यांनी खुणावत होते. उमाबाईंनी पुढे होऊन नवऱ्याच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"अपनी माँ से पूछने को कह रहे हैं. माँ को गए बरसों हो गए."

बाईंनी गुणाकररावांकडे पाहिलं. "माताजी कहाँ हैं?"

"घर पे. खाना बना रही होंगी."

बाईंनी कागद बाजूला सारला. "ये नहीं होगा. अदालत से संरक्षक बनवाइए. समय लगेगा."

बाहेर येताच शालिकराम म्हणाले, "काहून सांगतलं, वहिनी? त्या बाईले कुठं समजत होतं?"

"अन् घर विकल्यावर हे घर घेणाऱ्यायच्या दारात जाऊन आईले हाका मारत बसले असते, अन् त्यायनं केस केली असती, तं कोर्टात कोण उभं राह्यलं असतं? तुम्ही?"

शालिकराम ऑटो बघायला गेले. तेवढ्यात अपूर्वचा फोन आला.

"झालं?"

"नाही. सही झाली नाही."

"बाबांनी केली नाही, की तू करू दिली नाहीस?"

"मी करू दिली नाही," उमाबाई म्हणाल्या. गुणाकरराव रस्त्याकडे चालू लागले होते; उमाबाईंनी त्यांचं मनगट घट्ट पकडलं. "वकिलाले मी भेटतो. तू सुट्टी काढून ये. आता महिने लागतीन, अन् मले एकटीले हे सांभाळणं होत नाही."

शालिकराम ऑटो घेऊन आले, तरी उमाबाईंनी फोन कानावरून काढला नाही.

"ऐकतोस ना?" त्यांनी विचारलं.