मशेरी आणि मायची आण

मशेरी भाजतानाचा वास ज्यानं घेतला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. चुलीवर तवा तापवायचा, त्यावर तंबाखू टाकायची, काळी पडेपर्यंत हलवत राहायची आणि मग चुरून, बारीक करून डबीत भरायची. हे काम चालू असलं की घरात माणूस टिकत नसे. शिंका, ठसका, डोळ्यांना धारा. आबा, म्हणजे माझे वडील, आधीच ओट्यावर जाऊन बसायचे आणि तिथून ओरडायचे, घर जाळायला काढलं का म्हणून. माय आपली तवा हलवत राहायची. सकाळी उठली की चिमूटभर मशेरी दाताला, शेतातून आली की पुन्हा, जेवली की पुन्हा. हाताला काम नसलं की बोट तोंडात.

मीही लावायची. लपवण्यासारखं त्यात काय आहे? एकदा माझी दाढ ठणकत होती, तेव्हा मायनंच बोटावर मशेरी घेऊन माझ्या हिरडीला चोळली. आधी गरगरलं, ओकारी आली, पण ठणका गेला. मग सुटते कशाला! आमच्या गल्लीतल्या कुठल्याही पोरीला विचारलं असतं तर तिनं असंच काहीतरी सांगितलं असतं. मशेरी म्हणजे तंबाखू, हे आमच्या डोक्यातच शिरलं नव्हतं. तंबाखू पुरुष खातात, आम्ही दात घासतो. झालं.

आमचं गाव धरणगावपासून चालत जाण्याच्या अंतरावर. शाळा धरणगावची, मुलींची. मी आठवीनववीत असेन, म्हणजे सत्तर सालाच्या अलीकडची किंवा पलीकडची गोष्ट. तो हिवाळा होता. आमच्याकडे हिवाळा म्हणजे भरताचे दिवस. वांगी कपाशीच्या वाळक्या काटक्यांवर भाजायची, हिरव्या मिरच्या घालून कुटायची, आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरीबरोबर खायची. मायच्या हातचं भरीत खायला आबांचे मित्र मुद्दाम यायचे. त्या हिवाळ्यात माझ्या लक्षात आलं की माय सगळ्यांना भरीत वाढते आणि स्वतः ताकात भाकरी कुस्करून खाते. विचारलं तर म्हणाली, पोटात आग पडते. मी विश्वास ठेवला.

मग एका सकाळी मी मोरीत पाणी घ्यायला गेले, तर ती आबांचा दाढीचा आरसा घेऊन, गाल बोटानं ओढून आत बघत होती. मला तिच्या उजव्या गालाच्या आतलं दिसलं. दुधावर साय धरावी तसा पांढरा पट्टा, आणि त्याच्या कडेला लाल, कच्ची जखम. मला पाहून तिनं आरसा पदराखाली घेतला. मी म्हटलं, आबांना सांगते, डॉक्टरकडे जाऊ. तशी तिनं माझं मनगट धरलं आणि माझा हात स्वतःच्या गळ्यावर दाबला.

"तुले मन्ही आन शे. कोनले सांगशी तं मन्हं मरेल तोंड देखशी."

दवाखान्याची तिला भारी धास्ती. तिची मावशी अशीच तोंड दुखतं म्हणून दवाखान्यात गेली होती आणि परत आली ती चादरीत गुंडाळून. त्यामुळे दवाखाना माणसाला मारतो, हे मायच्या मनात पक्कं बसलं होतं. जखमेवर ती काय लावत होती ठाऊक आहे? मशेरीच! लावली की बधिर होतं म्हणे.

आजच्या पोरी आईची शपथ चहाबरोबर खातात. आमच्याकडे तसं नव्हतं. गळ्याला हात लावून घातलेली आण मोडली तर जिची आण तिचा जीव जातो, हे आम्हाला पाढ्यांसारखं पाठ होतं. आण सुटायची एकच रीत, जिनं घातली तिनंच 'सुटली' म्हणायचं. मी मायला कितीदा विनवलं, सुटली म्हण ना. ती पाटीत कपाशीची बोंडं सोलत बसायची आणि ऐकलंच नाही असं करायची. मला तेव्हापासून जेवण जाईना. ती झोपली की तिचं पोट खालीवर होतंय का, ते मी बघत राहायची.

अशात शाळेत ती आरोग्य पाहणी आली. आदल्या दिवशी मोठ्या बाईंनी सांगितलं की पुण्याकडून डॉक्टरीणबाई येणार आहेत, तुमच्यासारख्या वयाच्या मुली काय खातात, किती झोपतात, कोणत्या सवयी आहेत, ते सगळं विचारणार आहेत, तर शाळेचं नाव घालवू नका. एवढं पुरलं. दुपारपर्यंत बातमी पसरली की डॉक्टरीण दात पाहून मशेरी ओळखते आणि जिच्या तोंडात सापडेल तिच्या बापाला बोलावते. मग काय, घोळकाच्या घोळका विहिरीमागे. कोणीतरी विटेचा तुकडा आणला, तो कुटून भुकटी केली, त्यात मीठ घातलं, लिंबू पिळलं, आणि सगळ्या वर्गानं दात घासले. घासले म्हणजे भांडी घासतात तसे. आमच्यात किराणा दुकानवाल्या मारवाड्याची एक पोरगी होती. तिच्या घरात तंबाखूचं नावसुद्धा निघत नसे. पण ती एकटी वेगळी दिसेल म्हणून आम्ही तिलाही घासायला लावले. बिचारीनं घासले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंबरोबर आलेल्या एका तरुण बाईनं एकेकीला समोर बसवून विचारलं. चहा किती पितेस? खेळतेस का? झोप लागते का? मशेरी लावतेस का? मी म्हटलं, राखुंडी लावते. सगळ्यांनीच राखुंडी सांगितली. शेवटी तिनं विचारलं, मन उदास होतं का, कशाची भीती वाटते का. असं आम्हाला जन्मात कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, कशाचीच नाही.

मग डॉक्टरीणबाई तोंडं बघायला बसल्या. वयानं मायएवढ्याच, पांढरी सुती साडी, आवाज हळू. चारपाच तोंडं पाहिल्यावर त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, सगळ्यांचे दात पांढरे आणि सगळ्यांच्या हिरड्या सोललेल्या, काल काय वीट लावलीत? आम्ही माना खाली घातल्या. रागावल्या नाहीत. सगळ्यांना एकत्र बसवलं आणि एक मोठं रंगीत चित्र भिंतीला लावलं.

ते मायचं तोंड होतं. म्हणजे दुसऱ्याच कोणाचं, पण तोच पांढरा पट्टा, तीच लाल कड. डॉक्टरीणबाई सांगत होत्या की मशेरी म्हणजे तंबाखूच, तिनं तोंडात असे डाग पडतात, आणि काही डागांचा पुढे कॅन्सर होतो.

"असा डाग लवकर दाखवला तर माणूस वाचतं," त्या म्हणाल्या. "उशीर झाला तर आमच्याही हातात काही राहत नाही."

बाजाराच्या दिवसापर्यंत त्या शाळेत असणार होत्या. मला तिथल्या तिथे उठून सांगायचं होतं. उठलेसुद्धा. पण गळ्यावर दाबलेला तो हात आठवला आणि मी पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर पळाले. सांगितलं तर आण मोडून माय मरणार. नाही सांगितलं तर त्या डागानं मरणार. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ना, तशी मी त्या व्हरांड्यात उभी. कोणाला विचारू? देवाला विचारलं, तो काही बोलला नाही.

घरी येऊन मी मायला त्या चित्राचं सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि डबी उघडली. म्हणाली, माले काय व्हयेल शे, बठ्ठ्या बाया लावतस. म्हणजे सगळ्याच लावतात. मी रडले, भांडले, जेवले नाही. दगडाला पाझर फुटेल, हिला फुटेना. बाजार उद्यावर आला.

मग मला सुचलं. कसं सुचलं देव जाणे. आण होती ती मायच्या तोंडाबद्दल. माझ्या तोंडाबद्दल नव्हती! मी गेले आणि चुलीपाशी तिला सांगितलं की डॉक्टरीणबाईंना माझ्या गालात तसलाच डाग सापडलाय, तुझ्या आईला घेऊन ये म्हणाल्यात. धडधडीत खोटं. आजही मला त्याचं काही वाटत नाही, पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन.

माय खालीच बसली. मी तिला घाबरलेली त्याआधी पाहिली नव्हती. नाग निघाला तरी काठी घेऊन पुढे होणारी बाई ती. माझी हनुवटी धरून तिनं माझं तोंड उजेडाकडे वळवलं, पण तिच्या डोळ्यांत इतकं पाणी की तिला दिसणार काय? मग तिनं मशेरीची डबी उचलली आणि सगळीच्या सगळी चुलीत ओतली. घर धुरानं भरलं. आबा बाहेरून ओरडायला लागले. त्या धुरात मला छातीशी धरून ती खोकत होती आणि रडत होती. स्वतःच्या गालासाठी जी डबी तिनं सोडली नव्हती, ती अशी गेली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याआधी तयार. शाळेच्या त्या खोलीत शिरताच तिनं डॉक्टरीणबाईंचे पाय धरले.

"बाई, मन्ही पोरले वाचाडा."

डॉक्टरीणबाई गोंधळल्या. मला खुर्चीवर बसवलं, दांडीचा छोटा आरसा तोंडात घालून दोन्ही गाल पाहिले, जीभ उचलून पाहिली. म्हणाल्या, हिच्या तोंडात तर काहीच नाही, हिरड्या तेवढ्या लाल आहेत. कोणी सांगितलं तुम्हाला? मायनं माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं समजलं. पदर तोंडावर घेऊन ती दाराकडे वळली. आता ती बाहेर पडली की पुन्हा कधी यायची नाही, हे मला स्वच्छ दिसलं.

"बाई, तिच्या उजव्या गालात आहे," मी म्हटलं. "पांढरं आहे. आणि जखम आहे."

म्हटलं आणि आण मोडली. मी डोळे मिटून घेतले. माय आता इथेच कोसळणार, असं मला खरंच वाटत होतं. काही पडल्याचा आवाज आला नाही. डोळे उघडले तर डॉक्टरीणबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खुर्चीत बसवलं होतं, आणि माय तोंड उघडत होती. बाई आरसा घालून बघत राहिल्या. मग त्यांनी शिपायाला आबांना बोलवायला पाठवलं.

धुळ्याला जायचं ठरलं. तिथे डॉक्टरीणबाईंच्या ओळखीचे मोठे डॉक्टर होते. जाईपर्यंतच्या दिवसांत माय माझ्याशी एक शब्द बोलली नाही. वाढायची, वेणी घालायची, पण मुकी. ते मुकेपण मला मारापेक्षा जास्त लागलं. मनात एकच, आण मोडलीय, आता ही जाणार, आणि ती माझ्यामुळे. एसटीत ती खिडकीशी आणि मी तिच्याशेजारी. पारोळ्याच्या पुढे ती डोळे मिटून बसली, तर मी तिच्या नाकापाशी बोट धरून पाहिलं. श्वास होता.

दवाखान्यात आधी तिच्या गालाचा बारीक तुकडा काढून तपासला. डॉक्टरांनी आबांना बाजूला घेतलं. मला एवढंच ऐकू आलं की गाल कापावा लागेल, पुढचं काही सांगता येत नाही. आबा भिंतीला टेकून उभे राहिले. माझ्या मनात मावशीआजीची ती चादर आली.

ऑपरेशनच्या दिवशी तिला ढकलगाडीवर निजवून नेलं. मी बाजूनं चालत होते. माझी नजर तिच्याकडे जात नव्हती. दारापाशी तिनं गाडी ढकलणाऱ्याला हातानं थांबवलं, आणि किती दिवसांनी माझं मनगट धरलं. पुन्हा तसाच माझा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला.

"सुटनी तुन्ही आन," ती म्हणाली. "आते काय बी व्हवो, तुन्हावर काही नही."

मग तिनं माझा हात सोडला आणि गाडी आत गेली.

माय वाचली. उजवा गाल ओढल्यासारखा झाला, बोलणं थोडं बोबडं, आणि भरीत ती पुन्हा कधी खाऊ शकली नाही. पण त्यानंतर ती पुष्कळ जगली, माझी लेकरं तिनं अंगाखांद्यावर खेळवली. मी माहेरी गेले की आधी मला दारातच थांबवायची, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायची आणि म्हणायची, आ कर.