पाहुण्यांचं नेट

घरात वायफाय आलं त्या दिवशी मी पासवर्ड भिंतीवर लिहिला. बाहेरच्या भिंतीवर, मीटरच्या खाली, खडूनं. गॅसवाला, लाइनमन, दूधवाला, सगळ्यांचे नंबर आमच्याकडे तिथंच लिहायची पद्धत. त्यांच्या रांगेत हाही बसला. अक्षर बरं आलं म्हणून बायकोला बोलावून दाखवलंही. पुढे आमच्या ओट्याला अशी बरकत आली की विचारू नका. जाणारायेणारा टेकायचा, "काका, बरं हाय ना?" म्हणायचा आणि मोबाइलात डोकं घालायचा. मला वाटायचं, माणूस गोड बोलणारा असला की लोक जमतातच.

पुण्याला शिकणारी लेक गणपतीत घरी आली आणि भिंतीसमोर उभी राहिली.

"बाबा, एटीएमचा पिनही लिहून टाका ना बाजूला. जागा आहे."

मग तिनं समजावलं. आपल्या नेटवरून कोणी काही घाण टाकली, कोणाला फसवलं, तर पोलीस आधी आपल्याच दारात येतील. मला समोर बसवून एकेक काम माझ्याच हातून करून घेतलं. राउटरच्या आतल्या पानाचा पासवर्ड कंपनीतून आला तसाच होता, तो बदलला. नेटचा बदलला, चांगला लांबलचक केला. नुसतं बटण दाबून फोन जोडायची एक सोय होती, ती बंद केली. आणि पाहुण्यांचं नेट वेगळं काढलं. त्याच्यावर बाहेरच्याचं काम होतं, पण आपल्या घरातल्या यंत्रांपर्यंत तो पोचत नाही, वेगही बेताचाच. भिंत मी ओल्या फडक्यानं पुसली. गॅसवाल्याचा नंबरही त्यात गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारची म्हातारी काठी टेकत ओट्यावर आली.

"जयभीम भाऊ. नेट मेलं का तुमचं?"

ते बोंडअळीचं वर्ष होतं. कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली, आणि पंपाचा फवारा वर मारला की खाली आपल्याच तोंडावर. दिग्रसच्या आसपास त्या वर्षी एखादा माणूस दोन दिवस दिसला नाही, की लोक फक्त "फवाऱ्यावर गेलता काय?" एवढंच विचारत. म्हातारीचा एकुलता लेक रोजानं फवारणीला जायचा. फवाऱ्याचं विष अंगात भिनून त्याला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं होतं, सून तिथंच होती. दुपारी बाराला आत सोडलं की ती व्हिडिओ कॉल लावायची. म्हातारीचं मांडीचं हाड मोडून नीट बसलं नव्हतं. एसटीत चढणं तिच्यानं होणार नव्हतं. आमच्या गल्लीवर टॉवर पहिल्यापासून रुसलेला. तेव्हा लेकाचं तोंड दिसायला आमचा ओटाच काय तो तिला होता.

माझ्या लेकीनं तिचा फोन पाहुण्यांच्या नेटला जोडून दिला आणि संध्याकाळच्या गाडीनं ती पुण्याला गेली.

त्यानंतरच्या दुपारी मी म्हातारीच्या मागे उभा होतो. फोन लागला. चित्र अगदी स्वच्छ. त्याचे फुटलेले ओठ, उशीच्या खोळीवरचा शिक्का, सगळं दिसत होतं. तो डोळे बारीक करून पाहत होता.

"माय, तू काहून अशी धुक्यात बसली?"

म्हातारी जराही थांबली नाही. "नेट कमजोर हाय बाबा भाऊचं. तुले काही नाही झालं."

सुनेनं फोन स्वतःकडे वळवला, माझ्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. मला समजलं, धुकं त्याच्या डोळ्यांत होतं. म्हातारीला समजू नये म्हणून मी मान पुढे काढली. "हाव रे, आमचं नेटच बेकार हाय. उद्या करतो ठीक."

आता बोललो तर करणं आलं. दुसऱ्या दिवशी बाराच्या आधी मी खुर्चीवर चढून राउटरचा डबा कपाटावरून खिडकीत आणला. मग खिडकीतून दारावर. मग त्याचे कान एकदा उभे, एकदा आडवे करून पाहिले. म्हातारी खालून बघत होती. जिनिंगच्या काट्यावर ट्रक तोलण्यात माझी उमर गेली. डब्याचे कान पिरगाळण्यातलं मला काय कळतं. पण चेहरा मात्र इंजिनिअरचा ठेवला. शेवटी म्हातारीचा फोन पाहुण्यांतून काढून घरच्या नेटला जोडला आणि तेवढ्यावर फुशारकीनं लेकीला फोन केला.

"बाबा, घरचा पासवर्ड दिला तुम्ही?"

"दिला."

"मग पाहुण्यांचं कशाला काढलं आपण?"

मी काय झालं ते सांगितलं. "मग राहू द्या घरच्यावरच," ती म्हणाली.

म्हातारीचा लेक रोज विचारायचा, "काका, झालं का ठीक?" मी म्हणायचो, "होऊन राह्यलं." एक दिवस त्यानं विचारलं नाही. सून फोन उजवीकडे धरून होती आणि तो डावीकडे तोंड करून बोलत होता. म्हातारी त्याला काय काय दाखवत राहिली. दारातली कोंबडी दाखवली, नवी चप्पल दाखवली. तो "हाव माय, मस्त हाय" म्हणत राहिला.

मग एका दुपारी फोन आलाच नाही. म्हातारी मांडीवर फोन ठेवून बसली. मी वाकून पाहिलं. नेटच्या खुणेच्या सगळ्या रेघा भरलेल्या होत्या. दिवस कलल्यावर त्याला घेऊन दवाखान्याची गाडी गल्लीत शिरली.

पोराचा जलदानविधी झाला, पाहुणे पांगले. त्या दिवशी घरी आल्यावर मी बायकोला म्हटलं, निदान बुढीला शेवटपर्यंत कळलं नाही, नेटावर निभावलं. ती भांडी पुसत होती.

"तिले पह्यल्याच दिवशी समजलं होतं," ती म्हणाली. "लेकाले भेव नको वाटू म्हणून तिनं नेटाचं नाव घेतलं. मले म्हणे, तुमच्या मालकाले सांगू नको. ते डबा हालवून राह्यले, तं माह्या पोराले खरं वाटते."