उलट्या पाचरी

आमच्या भाऊजींना बसता येत नसे. पायांना काही झालं होतं असं नाही, उलट पायच त्यांचे वैरी होते. ताट वाढलं की ते उचलून दारात उभे राहायचे, एका हातात ताट, दुसऱ्या हातानं भाकरी मोडणं आणि नजर रस्त्यावर. मी त्यांच्या थोरल्या भावाची बायको. सासूबाई लवकर गेल्या, त्यामुळे भाऊजींचं खाणंपिणं आणि रागावणं दोन्ही माझ्याकडे आलं, आणि रागावण्यात मी कधी हयगय केली नाही. पाटावर काय इंगळ्या ठेवल्या आहेत का, असं विचारलं की म्हणायचे, "वैनी, बसलं का मले गुदमरल्यावानी होते."

अकोल्यात जिथं म्हणून चाक फिरत होतं, तिथं तिथं त्यांनी नोकरी केली. जिनिंगमध्ये फिटर झाले, तेलाच्या मिलमध्ये गेले, मग मोटारसर्व्हिसवर ड्रायव्हर. हात सोन्याचे, त्यामुळे मालक सोडायला तयार नसत. पण काम अंगवळणी पडलं की यांना तिथं करमायचं नाही. आमचे यजमान कचेरीतल्या खुर्चीला असे चिकटलेले की त्यांना हा भाऊ म्हणजे घरात शिरलेली वावटळ वाटायची.

लग्न झालं की पायात बेडी पडते म्हणतात. आम्ही दर्यापूरची यमुना करून आणली. गोड मुलगी, बोलायला कमी. वर्ष व्हायच्या आत ती माहेरी गेली आणि परत येईना. तिचे वडील शंकरपटाच्या शर्यतीचे बैल बाळगणारे, दमाचे गृहस्थ. त्यांनी निरोप धाडला की जावयानं आधी एका जागी बूड टेकवावं, मग आमची लेक न्यावी. त्या दिवशी भाऊजी अंगणात नुसत्या येरझारा घालत होते. शेवटी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "वैनी, यमुना आता येतच नाई काय?" पोटचं पोर रडलं असतं तर मी त्याला उचलून तरी घेतलं असतं.

मग त्यांनी डोक्यात घेतलं की तिला स्वतःच्या मोटारीतून आणायचं. भंगारातून बिनटपाची एक मोटार आणली. तिचा पुढचा भाग खिळखिळा, म्हणून लष्कराच्या मोडीतल्या ट्रकचा अख्खा एक्सल, दोन्ही चाकांना जोडणारा एकच लोखंडी दांडा, स्प्रिंगच्या पाट्यांखाली घातला. मी म्हटलं, बाई माणसासाठी येते, मोटारीसाठी नाही. ऐकतो कोण! अंगण म्हणजे ग्रीसचा चिखल झाला, माझी तुळस दोन महिने काळी होती.

आता त्या एक्सलला थोडा कल द्यावा लागतो म्हणे. पाटे आणि एक्सल यांच्या मध्ये लोखंडी पाचर ठोकतात, तिची जाड बाजू जिकडे असेल त्याप्रमाणे चाक जिच्याभोवती वळतं ती खीळ पुढं झुकते किंवा मागं. भाऊजींनी जाड बाजू पुढं घातली, खीळ पुढं झुकवली. का, तर बैलगाडी मागून जड झाली की उलार होते, जू वर उचललं जातं आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. वजन नेहमी पुढं, धुरेवर हवं. गल्लीतली सगळी मंडळी माना डोलवत होती, मीसुद्धा. आम्ही सगळेच बैलगाडीत वाढलेलो, आम्हाला यात काय चूक दिसणार?

मोटार सुरू झाली ती मात्र सरळ जाईना. वळवली की स्टिअरिंगचं चाक परत ओढून आणावं लागायचं, सरळ रस्त्यावर कधी डावीकडे पळायची तर कधी उजवीकडे. "नवा गोऱ्हा हाय, बुजून राहिला," असं म्हणून भाऊजी निघालेसुद्धा. पुढचं मला यमुनानं सांगितलं. दर्यापूरपर्यंत ते त्या चाकाशी कुस्ती खेळले, एकदा कपाशीच्या वावरात शिरले, आणि सासऱ्याच्या दारात पोचले तेव्हा त्यांचे हात खांद्याच्या वर जाईनात. त्यांना धरून बाजेवर बसवावं लागलं. सासरे मोटारीखाली वाकून पाहून आले आणि म्हणाले, "जवाईबापू, बराबर हाय. उलार नाई." दोघे गाडीवान, एकाच चुकीवर एकमत!

तेवढ्यात यमुनाचा भाऊ सायकलवरून आला, ऐटीत दोन्ही हात सोडून. भाऊजींची नजर सायकलच्या पुढच्या चाकाच्या चिमट्यावर गेली. वरून मागं झुकलेला, आणि चाक आपोआप सरळ! म्हणजे आपल्या पाचरीच उलट्या बसल्या होत्या. बाजेवरून ते उठले खरे, पण हातात पाना धरवेना. "कोणी तरी या," ते म्हणाले. यमुना आतून आली, पदर खोचला आणि बापासमोर मोटारीखाली शिरली. भाऊजी सांगत गेले, ती नट सोडत गेली. पाचरी तिनं फिरवल्या.

त्याच मोटारीतून दोघं अकोल्याला आले. मी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, यमुनाला आत नेलं आणि म्हटलं, आता धरून ठेव त्यांना, फिरू देऊ नको. तिनं तोंडावरचं ग्रीस पुसलं.

"बाई, ते फिरते म्हणून मी गेली नाई. मले घरी ठेवून फिरते म्हणून गेली."

तिचा बाप, आमचे यजमान आणि मी, आम्ही सगळ्यांनी मिळून वर्षभर त्या माणसाला खाली बसवायचा आटापिटा केला होता. तिला काय हवं आहे, हे विचारायचं कोणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

पुढं त्यांनी अमरावतीला बिऱ्हाड करायचं ठरवलं. मला ते सोसलं नाही, सांगून टाकते. आदल्या दिवशी मी भांडले, अबोला धरला. निघताना भाऊजी पाया पडले. यमुना पुढच्या जागेवर आधीच बसली होती. तिनं मागच्या सीटवरची वळकटी बाजूला सरकवली आणि म्हणाली, "चला ना बाई, जागा हाय. चार दिवस राहा अन् वापस या."

लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, मला 'चला' असं कोणी म्हटलं नव्हतं. चुलीवर डाळ शिजते आहे, मी म्हणाले. चूल तर अजून पेटवलीही नव्हती.