मळ्यात इंजिन हाय

माझ्या व्याह्यांनी मला फसवलं. भर बैठकीत, दोन्हीकडच्या भावकीसमोर फसवलं, आणि तेही एक अक्षर खोटं न बोलता. मी दौंडचा भंगारवाला. हातगाडीवर सुरुवात केली, आज स्वतःचं गोदाम आहे, आणि लोखंड नुसतं वाजवून मी त्याची जात सांगतो. लिलावात मला कोणी गंडवलेलं नाही, वजनकाट्यावर तर नाहीच. असा मी निमोण्याच्या एका तिरक्या टोपीच्या म्हाताऱ्यापुढं चारी मुंड्या चीत झालो, याचा राग अजून गेलेला नाही.

लेकीचं ठरत होतं. विचारायचं ते सगळं मी विचारलं होतं. जमीन कोणाच्या नावावर, विहिरीला पाणी कुठवर टिकतं, मुलगा कंपनीत कायम की कंत्राटी. शेवटी म्हटलं, "आन् लाइट गेली तर? तुमच्या बाजूला लाइटीचा खेळखंडोबाच हाय." व्याह्यांनी मिशीवरून हात फिरवला. म्हणाले, "त्याची काळजी नगा करू पाव्हणं. मळ्यात इंजिन हाय." आता आमच्या भागात इंजिन म्हटलं की डोळ्यांपुढं एकच वस्तू येते. विहिरीच्या काठावर, पत्र्याखाली बसवलेलं, हँडल मारून चालू करायचं, धकधक करत पाणी ओढणारं डिझेलचं इंजिन. मी मान डोलावली. सुपारी फुटली. मानपानाची वेळ आली तेव्हा व्याही म्हणाले, "टॉवेल-टोप्या माझ्याकडं पेटीभर पडल्यात. तुम्ही भंगारात हाय न्हवं? मग मला रुळाचे दोन तुकडे द्या." मला वाटलं, गोठ्याला आडवे टाकायचे असतील. चांगले लांब, सरळ तुकडे निवडून मी स्वतःच्या टेंपोनं पाठवले. लग्नानंतर पहिल्यांदा मळ्यात गेलो, तर विहिरीशेजारी चिंचेखाली, माझ्याच रुळांवर, धुराड्यासकट, चाकांसकट, पुढच्या दिव्यासकट आगगाडीचं इंजिन उभं! वाफेचं! ज्या तालुक्यात रूळ नाही की स्टेशन नाही, तिथं कांद्याच्या शेजारी! मी बोट रोखून विचारलं, "हे काय?" व्याही शांतपणे म्हणाले, "इंजिन."

व्याही एका साखर कारखान्यात बॉयलरवर कामाला होते. तिथं उसाचे डबे ओढायला हे छोटं इंजिन होतं. पुढं ट्रक आले, इंजिन गवतात गेलं, आणि लिलावाच्या दिवशी या गृहस्थांनी बैलजोडी मोडून ते घरी आणलं. बैल विकून लोखंडाचा बैल आणणारा शेतकरी मी दुसरा पाहिलेला नाही. शिवाय तो गंजू नये म्हणून त्याला दर सणाला तेल. घरात खायच्या तेलाची काटकसर चालेल, पण इंजिनाची दांडी कोरडी राहता कामा नये. लेकीच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आम्ही निमोण्याला गेलो होतो. जावई पाटावर बसले होते, आणि उटण्याची वाटी सापडेना. ती सापडली इंजिनाच्या पायरीवर. व्याही वाफेचा दाब दाखवणारं पितळेचं घड्याळ उटण्यानं घासत होते. "चकाकतं मस्त," एवढंच म्हणाले.

दौंडला माझ्याकडं आले की ते घरी नंतर येत, आधी स्टेशनवर जात. पुलावर उभं राहून खालच्या विजेच्या इंजिनांकडं अशा तोंडानं बघत, जणू कोणी त्यांच्या ताटात उष्टं वाढलंय. एकदा मी म्हटलं, "पाव्हणं, बघा की, केवढी ताकद! धूर न्हाई, राख न्हाई." तर म्हणाले, "हे इंजिन न्हाई, ही इस्त्री हाय. वायर लावली की तापली, काढली की निवली. आमचं इंजिन पहाटं उठवाय लागतं. त्याला खायला लागतं, प्यायला लागतं. दमलं की धापा टाकतं. त्याच्या पोटात काय चाललंय ते भाईरनं ऐकू येतं. तुमच्या इस्त्रीचं काय ऐकणार?" पुलावरची चार माणसं हसली. मला मात्र लाज वाटली. हा माणूस माझा व्याही आहे, हे त्यातल्या दोघांना माहीत होतं.

बैठकीतल्या फसवणुकीचा मी जाब विचारला नाही असं समजू नका. तीन वेळा विचारला, आणि तिन्ही वेळा इतिहास ऐकला. "पाव्हणं, इंजिन पयल्यांदा कशाला जन्मलं सांगा. गाडी वढायला? न्हाई. विलायतेत कोळशाच्या खाणी. खाणीत पाणी भरायचं. ते उपसायला वाफेचं यंत्र केलं. रूळ, डबे, शिट्टी, हे समदं मागनं आलं. म्हंजी इंजिन जातीचं पाणीवालंच. मग मी खोटं काय बोललो?" मी भडकलो की ते लगेच धंद्याची गोष्ट काढत, कारण मी कुठं वितळतो हे त्यांना ठाऊक होतं. "ते एचपी कुठनं आलं म्हाईत हाय का? खाणवाल्यांकडं घोडे होते. यंत्र विकणारा म्हणला, माझं यंत्र तुमच्या इतक्या घोड्यांचं काम करतंय, घोड्यांच्या चाऱ्याचा हिशेब करा आन् मग घासाघीस करा. तवापासनं घोडे मोजत्यात." हे मला पटलं. तो यंत्रवाला माझ्याच जातकुळीचा असणार. पण व्याह्यांसमोर मी तसं दाखवलं नाही.

गेल्या वर्षी लेकीचा फोन आला. "आप्पा, मामांचं ते धूड न्या बाई एकदाचं. कांद्याची चाळ बांधायचीय, दुसरीकडं जागा न्हाई. मी बोलले तर मामा जेवत न्हाईत. तुम्हीच बोला." इतकी वर्षं मी याच फोनची वाट बघत होतो. निमोण्याला जाऊन बसलो. व्याह्यांनी चहा दिला, भेळ दिली, चिंचेकडं बघत बसले. शेवटी म्हणाले, "न्या. पर तोडायच्या आधी एकदा पेटवून दावतो. मग काय ते करा." मी ताबडतोब हो म्हटलं. त्या सांगाड्याच्या पोटात साधी चूल पेटली असती तरी मी टोपी काढून ठेवली असती.

ठरल्या दिवशी टेंपोत गॅसकटर टाकून गेलो, तर मळ्यावर अवकळा. डीपी जळालेली, मोटर बंद, आणि कांदा ऐन पोसायच्या बेतात माना टाकत होता. लेक बांधावर बसून फोनवर वीजवाल्यांशी भांडत होती. त्या अवस्थेत व्याह्यांनी इंजिन जॅकनं उचललं, चाकं अधांतरी केली, चाकाला मळणीयंत्राचा पट्टा चढवला आणि पट्टा पंपाला जोडला. पोटात बाभळीची लाकडं आणि माझ्याकडूनच मागून नेलेला पोतंभर दगडी कोळसा. मी लांब उभा राहिलो. म्हटलं, "पाव्हणं, बॉयलर फुटला तर तुमची टोपी शिरूरच्या स्टँडवर सापडंल." ते म्हणाले, "मग तिथनं घिऊन या." दुपारपर्यंत नुसता धूर. अर्धं निमोणं गोळा होऊन टिंगल करत होतं, त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा. आणि मग चाक हललं. अडलं, हललं, फिरलं. पंपानं गुळणी केली आणि पाटात पाणी आलं.

दोन वाफे! एवढ्या लाकडात लग्नाची जेवणावळ उठली असती, आणि भिजले फक्त दोन वाफे. तिसऱ्याला पट्टा तुटला. "वाफेवर वाफाच भिजणार, पाव्हणं," असं मी म्हणणार होतो. चांगला टोमणा होता, तोंडात तयार होता. तेवढ्यात व्याह्यांनी शिट्टीची दोरी लेकीच्या हातात दिली आणि तिनं ती ओढली.

मी लहान असताना दौंडला इंजिनं राख टाकायची तिथं आई पाटी घेऊन अर्धे जळालेले कोळसे वेचायची. त्यावरच आमची चूल पेटायची. एखादं इंजिन शिट्टी देऊन वाफ सोडायचं, पांढऱ्या ढगात आई दिसेनाशी व्हायची, आणि मी भोकाड पसरायचो. मग वाफ विरळ व्हायची आणि आई तिथंच उभी असायची, काळ्या हातांनी पदर सावरत हसणारी. यातलं काहीही इतकी वर्षं मला आठवत नव्हतं. निमोण्याच्या मळ्यात तोच ओला, तेलकट वास आला, लेक वाफेत गडप झाली, आणि एवढ्या लोकांसमोर मी तिला हाक मारायला गेलो ती "आये" म्हणून. वाफ हटली तेव्हा लेक दोरी धरून हसत होती. हसणं हुबेहूब तेच.

गॅसकटर मी खाली उतरवला नाही. चाळ आता रस्त्याच्या कडेला बांधतायत, अडचणीची जागा आहे, लेकीला रोज लांब पडणार. व्याह्यांना डॉक्टरनं धुरापाशी जायला बंदी केलीय, म्हणजे इंजिन पुन्हा पेटणार नाही आणि तुटणारही नाही. आणि मी गोदामात जुनं लोखंड वाजवतो तेव्हा भाव सांगायच्या आधी क्षणभर कान देऊन बसतो. गिऱ्हाईक खोळंबतं. आमच्या बोलीत हे कुठंही नव्हतं. मी इंजिन न्यायला गेलो होतो, आईला भेटायला नाही. ती अशी दाखवून लगेच वाफेबरोबर परत नेली, याचं उत्तर व्याह्यांनी मला द्यावं. गोल गोल इतिहास न सांगता, सरळ द्यावं.