तारमास्तरांची नाचण

आमच्या तारमास्तरांइतका निव्वळ कानांवर जगलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. डोळे त्यांनी चष्मा ठेवायला जागा हवी म्हणूनच बाळगले असावेत. लोणावळा स्टेशनात ते तारेच्या यंत्रापाशी बसत, आणि शेजारच्या खिडकीत मी पार्सलं उतरवून घेई. रस्त्यात भेटलो तर ते मला सरळ ओलांडून जात, मी खोकलो की थबकून म्हणत, "अरे, तुम्ही होय." जेवतानाही त्यांची बोटं ताटाच्या कडेवर तारा ठोकत असायची. आमटीत मीठ कमी पडलं तर ते तोंडाने न सांगता वाटीवर वाजवत, आणि इतक्या वर्षांच्या संसारात काकूंना ती लिपी येऊ लागली होती.

तारवाल्यांत प्रत्येकाचा आपला एक 'हात' असतो, म्हणजे ठोके देण्याची ढब. घाटाखाली कर्जतला जो तारवाला होता, त्याचा हात मास्तर हजारांत ओळखत. दोन ठोके चटचट, जरासा थांबा, आणि मग अडखळत धावाधाव. रोज सकाळी सरकारी कामाच्या आधी दोघे नियम मोडून एकमेकांना रामराम ठोकत. वीसेक वर्षं हा घरोबा चालला, पण दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. गाड्या दारातून जात होत्या, पास खिशात होता, आणि मास्तर दर दसऱ्याला म्हणत, "यंदा घाट उतरायचाच." मी त्यांची खूप थट्टा करायचो.

एका सकाळी यंत्र बोलू लागलं आणि पहिल्या ठोक्यालाच मास्तर ताठ झाले. हात परका होता. पहिला माणूस दोन दिवसांच्या तापाने गेल्याचं त्या नव्या हाताने कळवलं. मास्तरांनी ते एखाद्या परक्याची तार असावी तसं सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं, कागदाची घडी केली आणि खिशात घातली. त्यानंतर त्यांनी दसऱ्याचं नाव काढलं नाही.

मग हिवाळ्यात नाचण आली. स्टेशनामागच्या ओढ्याला करवंदीची दाट जाळी होती, तिथे ती राहायची. चिमणीहून बारीक, धुरकट रंगाची, भुवई पांढरी, छातीवर पांढरे ठिपके, आणि शेपटीचा पंखा उघडमीट करत या फांदीवरून त्या फांदीवर. एक क्षण स्वस्थ नाही. तिची शीळ ऐकून मास्तर ओढ्याच्या पुलावरच थांबले. दोन सूर चटचट, जरासा थांबा, आणि मग अडखळत धावाधाव. त्या दिवसापासून ते रोज उजाडताच तिथे जाऊन तपकिरीच्या डबीवर रामराम वाजवत आणि उत्तराची वाट पाहत. जन्मात प्रथमच त्यांनी काही नीट डोळे उघडून पाहिलं असेल तर ते पाखरू.

जवळच्या औंढे गावाहून सरपणाची मोळी घेऊन येणारी मावशी एकदा त्यांना म्हणाली, "मास्तर, त्या पाखराचं काय लय कवतिक? आमच्या रानात असली धा हायेत."

"असतील, मावशी. हात वेगळा असतो."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. "उतारवयात असं व्हतं काय वो?" मी हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

नोकरी संपली तसे ते साताऱ्याकडे मुलीकडे राहायला गेले. गाडीत बसताना म्हणाले, "सकाळी ओढ्यावर जात जा. लाइन बंद पडली तर मला कळवा." पुढच्या उन्हाळ्यात डोंगरावरचा वणवा ओढ्यात उतरला आणि जाळीची राख झाली. दर महिन्याला मास्तरांचं कार्ड यायचं, त्यात एकच प्रश्न: सकाळची लाइन चालू आहे ना? आणि मी लिहायचो, चालू आहे. असं खोटं मी चार वर्षं लिहिलं.

शेवटचं कार्ड काकूंचं आलं. "शेवटच्या दिवशी ते खाटेच्या कडेवर रामराम वाजवत होते. तुम्हाला की कर्जतला, ते मात्र मला कळलं नाही."

करवंदी आता पुन्हा माजली आहे. मी सकाळी तिथे जातो. काकूंनी त्यांची डबी मला पाठवून दिली आहे, तिच्यावर दोन ठोके देतो. आतून एक नाचण बोलते, मध्ये थांबते, पुन्हा बोलते. तो हात कुणाचा, हे सांगू शकणारा माणूस आता उरला नाही. मी आपला रामराम करतो.