तुडूम उघडण्याआधी

मी ओमेश्वर पटले, देवरीला एका आरोग्य संस्थेत संगणकाचं काम करतो आणि माझ्या हुशारीबद्दल माझं मत पूर्वी फार चांगलं होतं. ते कसं उतरलं हे सांगायचं तर पुष्पांजली कापगतेबद्दल सांगावं लागेल.

पुष्पांजलीताई नवेगाव बांधची. शिकली गोंदियाला, पाच वर्षं नागपूरला एका कंपनीत डेटाबेस सांभाळले, मग वडिलांचे गुडघे बिघडले म्हणून परत आली. नोकरी तीच, आता घरून. उरलेल्या वेळात ती मोबाइलवरच्या एका ग्रुपमध्ये लोकांच्या अडचणी सोडवते. अकराशे माणसं आहेत तिथे. कोणाची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला लिहून दिलेला हुकूम, अडकते, कोणाची नोंद दोनदा पडते. ताईला राग एकाच गोष्टीचा. लोक स्क्रीनचा फोटो पाठवतात आणि लाजेचा भाग कापून टाकतात. अर्धा फोटो पाठवणाऱ्याला ती अर्धंच उत्तर देते.

एकदा तिने एका नवख्याला लिहिलं, "बदल करायच्या आधी तीच अट लावून नुसतं दाखवणारं सिलेक्ट चालवा. किती ओळी येतात ते पाहा, मगच अपडेट." त्याखाली मी शहाणपणा केला, "ही बालवाडीची शिकवण झाली." हसणाऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. ताई पुढच्या माणसाची अडचण सोडवायला लागली.

आमच्या संस्थेत सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासणीच्या नोंदी असतात. यादीत ज्याच्यापुढे आजार लिहिला आहे त्याला शिबिरात महिन्याची औषधं मिळतात. एका सोमवारी सकाळी मला एकाच माणसाचा निकाल दुरुस्त करायचा होता. चुकून आजारी लिहिला होता, निरोगी करायचा. मी क्वेरी दोन ओळींत लिहिली, माउसने निवडून चालवली. निवडली गेली फक्त वरची ओळ. कोणाचा निकाल बदलायचा ही अट खालीच राहिली.

स्क्रीनवर आलं, ४,३१२ ओळी बदलल्या. एका झटक्यात मी आख्खा तालुका बरा केला होता. असं वरदान डॉक्टरांनाही नाही.

दुसऱ्या दिवशी चिचगडला शिबिर होतं. आमचा बॅकअप बारा दिवस जुना. त्यानंतर सापडलेल्या रुग्णांची नोंद थेट टॅबलेटवर झालेली, कागद नव्हताच. त्यातच बावीस वर्षांची नूतन होती. आजार नुकताच कळला होता, औषध पहिल्यांदाच मिळणार होतं. बॅकअप टाकला असता तर ती यादीतूनच गेली असती. जिची थट्टा केली तिलाच फोन लावला.

कोणी केलं, काऊन केलं, असं तिने विचारलंच नाही. म्हणाली, "ओमेश्वरभाऊ, आता कायलेच हात लावू नका. टॅबलेटवाल्यायले नोंदी थांबवाले सांगा. शेवटी काय चालवलं ते जसंच्या तसं पाठवा."

पाठवलं. तिने ते वाचलं. मग ती म्हणाली, "घाबरू नका. सर्व्हर आपला एकेक बदल एका फाइलीत लिहून ठेवून राहिला आहे. आधी त्या फाइलीची आन् बॅकअपची कॉपी करा."

मग तिने जुना बॅकअप वेगळ्या जागी उघडायला लावला, मूळ डेटाबेसला धक्का न लावता. त्यावर फाइलीतले बारा दिवसांचे बदल क्रमाने चालवले आणि माझ्या चुकीच्या अगदी आधी थांबवले. दर पायरीला विचारायची, "आता किती ओळी? मोजून सांगा." दुपारी चार वाजता यादी जशीच्या तशी उभी राहिली, ती मूळ जागी परत टाकली. मी नूतनचं नाव शोधलं. होतं. मला रडू आलं, हे लिहायला आता लाज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी नूतन औषधांचा पुडा घेऊन गेली. ती मला ओळखतही नाही, तेच बरं.

पुढच्या रविवारी आभार मानायला नवेगावला गेलो. ताईचे वडील दुधरामजी गावच्या लहान तलावाचे पाणकर, म्हणजे शेतांना पाणी वाटून देणारे. तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, उघडायच्या आधी ते दुखरे गुडघे घेऊन पाटाच्या शेवटापर्यंत चालत जाऊन येतात. मीही मागे गेलो. वाटेत म्हटलं, "काका, चाळीस वर्षं झाली. पाट तर डोळे मिटून माहीत असेल. रोज कायले जाता?"

ते थांबले. "पाट मले मालूम आहे, बाबू. आज पाटात कोन उतरला आहे, ते घरी बसून कसं दिसन?"

थोडं पुढे पाटात एक बाई गोधडी धूत बसली होती. दुधरामजींनी तिला उठवलं, शेवटापर्यंत पाहून आले आणि मगच तुडूम उघडलं.

बालवाडीची शिकवण कुठून आली होती ते मला तिथे कळलं. त्यांच्या घरी परतल्यावर ताईला विचारलं, "तुमचं ऋण कसं फेडू?"

"ग्रुपवर लिहा," ती म्हणाली. "काय केलं, कसं निस्तरलं. कोनाले तरी कामी येईल."

याहून महाग फी कोणी मागितली नसेल. घरी येऊन सगळं लिहिलं, माझ्या त्या शेऱ्यासकट. सोबत स्क्रीनचा फोटो टाकला. पाच मिनिटांत ताईचं उत्तर आलं.

"फोटो अर्धा आहे."

खरंच होता. खालचा आकडा मी कापला होता. तो फोटो काढून टाकला आणि ४,३१२ दिसेल असा पूर्ण टाकला.